चिमणराव नातवंडांच्या भेटीला

लहानपणी ज्याला आपण पोट धरधरून हसलो, ते आपल्या नातवंडाला एकदा दाखवावे, ही हौस कोणाला नसते? कोकणातले आजोबा नातवाला मांडीवर घेऊन नमन-खेळ्यातला संकासुर दाखवतात. देशावरचे आजोबा भारुडातली सोंगे दाखवतात. आणि मुंबईत, गिरगाव-दादरकडचे आजोबा ‘आमच्या वेळचा चिमणराव’ दाखवायला बसतात. तिघांच्याही मनात धाकधूक एकच असते: हसेल ना हा?

नातू हसला, तर आजोबांना वाटते, आपले बालपण फुकट गेले नाही. पण तो नुसता बघत बसला आणि मध्येच म्हणाला, “आजोबा, हे कधी संपणार?” तर मात्र जिवाला चुटपुट लागते. तसे पाहिले तर गोष्ट साधी. पण आजोबांना कळून चुकते, की आपल्यात आणि या पोरात भाषा एक असूनही मध्ये काहीतरी आहे. आज या धाकधुकीचाच थोडा इतिहास आपण पाहणार आहोत. आणि त्यासाठी उदाहरण घेणार आहोत ते चिमणरावाचे.

चिमणरावाचे जन्मदाते चिंतामण विनायक जोशी. त्यांचा जन्म पुण्याचा, १८९२ सालचा. नोकरी बडोद्याला. तिथे ते पाली भाषा शिकवीत आणि बडोदे सरकारच्या दफ्तराचेही काम त्यांनी पाहिले. म्हणजे दिवसभर जुनी कागदपत्रे आणि बौद्ध ग्रंथ यांत बुडालेला हा विद्वान माणूस. त्याने लिहिला कोण? तर पुण्यातला एक कारकून, भिडस्त, जरासा घाबरट, आपण फार हुशार आहोत अशी समजूत असलेला चिमणराव! ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे पुस्तक १९३२ चे आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ चे. चिमणरावाच्या जोडीला त्यांनी दिला गुंड्याभाऊ. अंगाने दांडगा, आवाजाने मोठा आणि कोणत्याही भानगडीत आधी उडी घेणारा. घरात बायको काऊ, आणि मुले मोरू, मैना, राघू. नावे जरा पुन्हा म्हणून पाहा. चिमण, काऊ, मोरू, मैना, राघू. सगळे घरटे पाखरांचे! मोठ्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही. पहिलीतल्या मुलाला पाटीवर ही पाच नावे लिहून द्या, तो लगेच ओरडेल, “गुरुजी, ही तर सगळी पाखरं!”

पुस्तकानंतर सात-आठ वर्षांत चिमणराव पडद्यावर आला. १९४० साली मास्टर विनायक यांचा ‘लग्न पहावे करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’. या चित्रपटांत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी लोकांच्या इतकी मनात भरली, की पुष्कळांना पुस्तक वाचतानाही तेच दोघे दिसू लागले.

मग मधे तीसेक वर्षे गेली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झाले. आणि त्या दशकाच्या अखेरीस चिमणराव तिसऱ्यांदा जन्माला आला, या वेळी छोट्या पडद्यावर. दिलीप प्रभावळकर झाले चिमणराव आणि बाळ कर्वे झाले गुंड्याभाऊ. चित्र काळे-पांढरे, पडदा वीतभर, पण मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीच्या बालपणावर त्याचा ठसा उमटला. आज जे साठीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, त्यांचा ‘आमच्या वेळचा चिमणराव’ तो हा.

तो कसा पाहिला जात असे, हे गावाकडच्या श्रोत्यांना सांगितले पाहिजे. गिरगावातली चाळ म्हणजे एका मजल्यावर ओळीने खोल्या आणि त्यांच्या पुढून जाणारी एकच लांब गॅलरी. टीव्हीचा संच मजल्यावर एखाद्या-दुसऱ्याच घरी. कार्यक्रमाची वेळ झाली की त्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. पोरे पुढे जमिनीवर, बायका त्यांच्या मागे, आजोबा खाटेवर, आणि ज्यांना आत जागा नाही ते गॅलरीतल्या खिडकीचे गज धरून उभे. वाहिनी एकच. त्यामुळे या चाळीत हसण्याची लाट उठली, की त्याच क्षणी समोरच्या चाळीतही तीच उठे. पाच वर्षांच्या पोराला विनोद कळला नाही तरी बिघडत नसे. सगळे हसतात म्हणून ते हसे, आणि मग शेजारच्याच्या दंडाला धरून विचारी, “काय झालं? काय झालं?” कोणी तरी सांगे. पुढच्या वेळी त्या पोराला आपले आपण कळे.

आता एक हिशेब करू. गुरुजनांनो, हा हिशेब वर्गात करण्यासारखा आहे. पुस्तक निघाले १९३३ च्या सुमारास. मालिका आली १९७० च्या दशकाच्या अखेरीस. मधे साधारण पंचेचाळीस वर्षे. आणि त्या मालिकेपासून आजपर्यंत? तीही पंचेचाळिसाच्या वरच. याचा अर्थ काय? गिरगावातली ती पोरे ज्या चिमणरावाला हसली, तो त्यांच्या दृष्टीने तितकाच जुना होता, जितका आजच्या पोराला तो दूरदर्शनवरचा चिमणराव जुना आहे! त्या पोरांनी तरी कुठे पाहिले होते १९३० सालचे पुणे? आणे-पैचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता, कारण १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले होते. त्यांनी मुंबईची ट्रामसुद्धा पाहिली नव्हती. ती १९६४ सालीच बंद पडली. तरी ती पोरे हसली. का हसली? मागच्या खाटेवर आजोबा होते म्हणून. आजोबा सांगत, “अरे, आमच्या वेळी असंच असायचं.”

म्हणून माझे म्हणणे असे, की विनोद आपोआप वारशाने येत नाही. घर येते, शेत येते, नाक-डोळेही येतात. पण हसू शेजारी बसून द्यावे लागते. जे लोक म्हणतात, “जुना विनोद आजच्या पोरांना कळत नाही,” त्यांना विचारावेसे वाटते, की तो कधी आपोआप कळत होता? मागे खाटेवर कोणी तरी बसलेले होते. आज ती खाट रिकामी आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

मुंबईत ती खाट रिकामी होण्याची कारणे आहेत, आणि ती पोराच्या हातातल्या मोबाइलपेक्षा जुनी आहेत. गिरगावची गोष्ट एक आणि परळ-लालबागची दुसरी. परळ-लालबाग म्हणजे गिरणगाव. इथला कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा. तो येताना आपले हसू गाठोड्यात बांधून घेऊन आला. कोकणातून नमन आणि बाल्या नाच आला, देशावरून तमाशातला सोंगाड्या आला. लालबागचे हनुमान थिएटर तमाशासाठी नावाजलेले होते. परळला १९२२ साली दामोदर हॉल उभा राहिला आणि कामगारांनी तिथे आपली नाटके केली. दादा कोंडके याच गिरणगावातले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये रंगभूमीवर आले आणि या वस्तीतल्या माणसाची हजरजबाबी बोली साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. रातपाळी करून आलेला बाप पोराला खांद्यावर घेऊन गणपतीच्या मांडवातले सोंग दाखवी, तेव्हा तो त्याला आपले गावच दाखवीत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फिसकटला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले. कित्येक कुटुंबे गावी परतली. तुमच्याही गावात असे परत आलेले एखादे आजोबा असतील. गिरगावातल्या चाळी पडून तिथे उंच इमारती येऊ लागल्या. दामोदर हॉलही २०२३ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाला. नव्या घरात नळ आत आला, संडास आत आला, हे फार बरे झाले. चाळीचे हाल ज्याने काढले त्यालाच त्याची किंमत ठाऊक. पण गॅलरी गेली. आणि गॅलरीबरोबर, न बोलावता येऊन खिडकीचे गज धरून हसणारा शेजारीही गेला. आता पोर एकटे बसते, कानात बोंडे घालून. त्याला हसू आले तरी घरातल्या दुसऱ्याला कळत नाही, की कशाचे आले.

दुसरी अडचण तर अशी, की दाखवायचे म्हटले तरी दाखवणार काय? त्या काळी दूरदर्शनची चित्रफीत महाग असे. जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा घेतला जाई. ‘चिमणराव’ मालिकेचे मोजकेच भाग आज उरले आहेत. हे केवळ आपल्याकडेच झाले असे मात्र समजू नका. इंग्लंडच्या बीबीसीनेही १९६० च्या दशकातले असेच कितीतरी कार्यक्रम पुसले. पीटर कुक आणि डडली मूर या तिथल्या नामांकित विनोदी जोडीचे पुष्कळसे भाग त्यात गेले. उलट लॉरेल आणि हार्डी यांचे त्याहूनही जुने चित्रपट फिल्मवर असल्यामुळे अजून जगभर दिसतात. विनोद टिकला की गेला, हे पुष्कळदा त्याच्या गुणावर ठरत नाही. तो कशावर उतरवला होता, यावरही ठरते.

आकाशवाणीचीही हीच कथा. १९६० च्या दशकात मुंबई केंद्रावरून ‘पुन्हा प्रपंच’ लागत असे. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी. आवाज बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे. रेडिओ असलेल्या घरात त्या वेळी कोणी मोठ्याने बोललेले चालत नसे. ते आवाज ऐकलेल्या माणसांना टेकाडे भाऊजी अजून शेजारी राहतात असे वाटते. पण नातवाला काय ऐकवणार? तिथे आजोबांनी स्वतःच टेकाडे भाऊजी व्हावे लागते. आणि खरे सांगायचे, तर तेच उत्तम! नक्कल करणारे आजोबा कोणत्याही चित्रफितीपेक्षा पोराला अधिक आवडतात.

आता पोराला आधी काय कळते, हे पाहू. शिक्षकांना याचा अनुभव रोजचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शब्दांचा खेळ उशिरा कळतो. शरीराचा खेळ आधी कळतो. एक काटकुळा आणि एक आडदांड माणूस जोडीने निघाले, की गोष्ट सुरू होण्यापूर्वीच ते हसते. चिमणराव-गुंड्याभाऊ हे तसेच, आणि लॉरेल-हार्डीही तसेच. त्यानंतर कळते फजिती. शहाणपणा करायला गेलेला मोठा माणूस तोंडघशी पडला, की पोराला परमानंद होतो, कारण रोज त्यालाच मोठ्यांकडून शहाणपणा ऐकावा लागतो.

आणि लहान मुलाचे हसू भीतीच्या अगदी शेजारी राहते. नमनातला संकासुर अंगावर धावून येतो, तेव्हा पोर आजोबांच्या धोतरात तोंड लपवते, आणि दुसऱ्याच क्षणी एका डोळ्याने पाहून खिदळते. आपल्या लोककलेला हे मर्म फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मुंबईच्या बालरंगभूमीनेही ते ओळखले. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुलांसाठी ‘लिटल थिएटर’ सुरू केले. त्यांचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’, लेखक रत्नाकर मतकरी. याच मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकात चिंची नावाची चेटकीण आहे. तिची भूमिका १९७० च्या दशकात कोणी केली, ठाऊक आहे? पुढे चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी! भीती वाटावी आणि हसूही यावे, अशी ती चेटकीण. २०१८ साली हे नाटक नव्याने रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती केली. ज्यांनी पहिली चिंची पाहिली होती, ते आता आजी-आजोबा होऊन नातवंडांना घेऊन नाट्यगृहात गेले. आणि तिथे एक गोष्ट घडली, जी मोबाइलवर घडत नाही. अंधारात दोनशे-तीनशे पोरे एकदम ओरडली, एकदम हसली. गॅलरी तासा-दोन तासांसाठी परत मिळाली.

यावरून एक क्रम लक्षात ठेवायला हरकत नाही. पाच-सहा वर्षांच्या पोराला चिंची चेटकीण किंवा संकासुर. आठ-नऊ वर्षांच्याला चिमणराव. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ला मात्र थोडे थांबावे. गिरगावातल्या अशाच एका चाळीवरचे ते पुस्तक १९५८ चे, आणि १९६१ पासून पु. ल. एकट्याने त्याचे प्रयोग करीत. तिथे सारी गंमत बोलण्याच्या ढंगात आहे. ते बारा-तेरा वर्षांनंतर. आधीच दाखवाल तर पोर कंटाळेल, आणि पुढे त्या पुस्तकाकडे फिरकणारही नाही.

दुसरी गोष्ट, आधीच समजावून सांगत बसू नये. “आता बघ हं, फार मजा आहे,” असे म्हटले की मजा निम्मी उडते. पोराला आधी पाहू द्यावे किंवा ऐकू द्यावे. ते विचारील तेव्हा सांगावे. ते विचारतेच. “तार म्हणजे काय? ती आल्यावर सगळे एवढे घाबरतात का?” मग सांगा, की टेलिफोन नसलेल्या घरी तार येई ती पुष्कळदा कोणाच्या तरी मरणाची. आणि ही तार आपल्या देशात २०१३ च्या जुलैपर्यंत चालू होती. “आणा म्हणजे किती?” मग सोळा आण्यांचा रुपया समजावून द्या. ज्या पोराला इतिहासाच्या पुस्तकातले सन पाठ होत नाहीत, त्याला हे एकदा सांगून पुरते, कारण प्रश्न त्याचा असतो. दफ्तरखान्यात वावरलेल्या चिं. वि. जोशी यांनी आपल्या विनोदात एका काळाचे दफ्तरच जपून ठेवले आहे. कारकुनाचा पगार, पाहुण्यांचा जाच, मुलीचे लग्न जमवण्याची यातायात, सारे त्यात आहे.

आणि इथे एक नाजूक प्रश्न येतो. तो टाळून चालणार नाही. जुन्या विनोदात पुष्कळ गोष्टी अशा आहेत, ज्यांना आज हसू नये. कोणाचे व्यंग, कोणाचा रंग, कोणाची जात, छडी खाणारे पोर, दाखवायला आणलेली मुलगी. सगळी मंडळी हसत असतात आणि आठ वर्षांची नात विचारते, “पण त्या मुलीला कोणी विचारलं का नाही?” अशा वेळी “गप्प बैस, ती गंमत आहे” असे म्हणू नका. त्या पोरीला विनोद कळला नाही असे नव्हे. उलट, जे आपल्याला लहानपणी दिसले नव्हते ते तिला दिसले. तिला सांगावे, “बरोबर विचारलंस. तेव्हा विचारत नसत. ते चुकीचंच होतं.” आणि मग पुढचा भाग लावावा. वारसा द्यायचा म्हणजे सगळे गाठोडे न उघडता हाती ठेवायचे असे नाही. घेणाऱ्याने त्यातले निवडायचे असते, आणि देणाऱ्याने ती निवड सोसायची असते. पोराचे न हसणे हेही कधी कधी उत्तरच असते.

पण म्हणून दाखवणेच सोडू नये. दादरच्या शाळेतले पोर असो की एखाद्या वाडीवरच्या शाळेतले, मराठीत गणित शिकता येते आणि पत्रही लिहिता येते. पण आपण ज्या भाषेत हसतो ती आपल्याला कधी परकी होत नाही. पुढे नोकरीधंद्याला ते पोर कुठेही गेले आणि कुठलीही भाषा बोलू लागले, तरी घरी आल्यावर एखाद्या लांबट चेहऱ्याच्या भित्र्या माणसाकडे पाहून त्याच्या तोंडून “चिमणराव!” एवढेच निघाले, की समजावे, धागा तुटलेला नाही.

तेव्हा श्रोतेहो, येत्या रविवारी एवढेच करा. आपल्या लहानपणची हसण्याची एकच गोष्ट निवडा. चिमणरावाची निवडा, भारुडातली निवडा, नाही तर आपल्याच गावातल्या एखाद्या इरसाल म्हाताऱ्याची निवडा. पुस्तक असेल तर मोठ्याने वाचा. ते नसेल तर तोंडी सांगा. पोराच्या समोर बसू नका, शेजारी बसा. आणि शिक्षकांना विनंती अशी, की शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटे यासाठी ठेवा, आणि संपावेळी मुंबईहून परत आलेले कोणी आजोबा गावात असतील, तर त्यांना खुर्ची देऊन वर्गात बसवा. दामोदर हॉलमध्ये किंवा गणपतीच्या मांडवात त्यांनी काय काय पाहिले, ते त्यांना विचारा. ते आधी लाजतील. मग एखादी नक्कल करून दाखवतील. आणि पोरे हसली, की त्यांचे तोंड जरूर पाहा.